जन्मतः की नंतर?

माझ्या नोकरीत मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारावा लागायचा, आणि त्यामुळे डॉक्टरमंडळींत मी काही फारशी लाडकी नव्हते. सोलापुरातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये मी कारकून होते. पेशंट आपल्या घरी गेला किंवा देवाघरी गेला, की त्याचा केसपेपर माझ्या टेबलावर यायचा. डॉक्टरांनी लिहिलेलं निदान वाचायचं, एका जाडजूड इंग्रजी पुस्तकात त्याचा नंबर शोधायचा आणि केसपेपरच्या कोपऱ्यात तो लाल शाईनं लिहायचा, एवढं माझं काम. जगात जेवढे म्हणून आजार आहेत त्या सगळ्यांना त्या पुस्तकात नंबर होता.

अडचण यायची ती हातापायांच्या बाबतीत. डॉक्टर घाईत 'डाव्या हाताची दोन बोटं नाहीत' एवढं खरडून मोकळे व्हायचे. पण बोटं जन्मापासून नसतील तर नंबर पुस्तकाच्या एका प्रकरणात, आणि कापडाच्या मागात किंवा गिरणीत गेली असतील तर दुसरा नंबर पार शेवटाकडच्या प्रकरणात. सोलापुरात माग घरोघरी, त्यामुळे बहुतेक कारकून डोळे झाकून अपघाताचा नंबर टाकायचे. मी नाही. मी केसपेपर घेऊन वॉर्डात जायची आणि डॉक्टरला गाठून विचारायची, "जन्मतः की नंतर?" एक शिकाऊ डॉक्टर तर मला लांबून पाहिलं की जिना बदलायचा.

हे सगळं आधी सांगितलं, कारण माझ्या आजारपणात जी चूक जिवावर बेतली ती माझ्याच टेबलावर झाली होती.

माझा हात

माझ्या डाव्या हाताला अंगठा नाही. अंगठ्याच्या जागी रुपयाएवढा चकचकीत, सुरकुतलेला व्रण आहे. मी दहा महिन्यांची असताना आजोळी, मोहोळजवळच्या खेड्यात, कडबा कापायच्या यंत्रात तो गेला, असं मला सांगितलेलं होतं. माझ्या वडिलांना, अप्पांनाही तेच सांगितलेलं होतं. शाळेत, शेजारात, नोकरीच्या मुलाखतीत मी तेच सांगत आले. त्यात मला कधी काही वाटलं नाही. चार बोटांत जेवढं काम होतं तेवढं मी करायची, आणि ते इतरांच्या पाच बोटांपेक्षा बरं व्हायचं.

आजाराच्या आदल्या वर्षी मला न्यूमोनिया झाला होता. आठ दिवस आमच्याच रुग्णालयात होते. बरी होऊन कामावर आले तर टेबलावरच्या गठ्ठ्यात माझाच केसपेपर. न्यूमोनियाखाली डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'डावा अंगठा नाही.' बस, एवढंच. मी हसले, पेन घेतलं आणि अपघाताचा नंबर टाकला. कुणाला काही विचारलं नाही. ज्या बाईनं अख्ख्या रुग्णालयाला त्या प्रश्नानं हैराण केलं होतं, तिला स्वतःच्या कागदावर तो प्रश्न सुचलासुद्धा नाही.

निदानाचा दिवस

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. त्या उन्हाळ्यात मला गठ्ठे उचलेनात. रेकॉर्ड रूमच्या चार पायऱ्या चढले की दम लागायचा. खोकला होता, संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, ब्लाउज सैल झाले होते. माझ्याबरोबर काम करणारे रझाकभाई एक दिवस म्हणाले, "बाई, तुमी आता बसून ऱ्हावा. गठ्ठे मी काढतो. तुमचा चेहरा बघून मलाच धाप लागायली."

आमच्याच रुग्णालयातल्या मोठ्या डॉक्टरांनी माझ्या छातीचा फोटो उजेडाकडे धरला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "क्षय." माझ्या शेजारी अप्पा उभे होते. गिरणीत तीस वर्षं काढलेला माणूस, क्षयानं गेलेले सोबती त्यांनी खांद्यावरून पोचवले होते. त्यांनी माझा दंड धरला, तो मला सावरायला की स्वतःलाच आधार म्हणून, ते मला कळलं नाही. मी मात्र, खरं सांगते, त्या क्षणी मनात त्या शब्दाचा नंबरच पाहिला. क्षयाचे नंबर पुस्तकाच्या अगदी सुरुवातीला येतात आणि ते मला पाठ होते. भीती बाहेर रिक्षात बसल्यावर वाटली.

घरी माझं ताट, तांब्या, अंथरूण वेगळं झालं. रोज सकाळी कमरेत इंजेक्शन. कानात रातकिड्यासारखी किरकिर सुरू झाली ती थांबेचना. शेजारच्या काकू दारातूनच विचारपूस करून जायला लागल्या. आई चुलीपाशी बसून माझ्याकडे बघत राहायची आणि मी बघितलं की नजर वळवायची. तिला संसर्गाची भीती वाटते असं मला वाटलं आणि मी चिडायची. एकदा म्हणाले, "बघतीस काय अशी? अजून मेले नाही मी."

"असं वंगाळ बोलू नगंस," एवढंच ती म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

दोन महिने इंजेक्शनं झाली. क्षयाच्या माणसाला औषधानं अंग धरायला हवं. माझे पाय सुजले. आरशात ओठ निळसर दिसायला लागले. थुंकीत जंतू सापडत नव्हते, पण ते पुष्कळदा सापडत नाहीत, असं मोठे डॉक्टर म्हणायचे. शेवटी एका सकाळी मला अंगणातून मोरीपर्यंत जाता येईना, तेव्हा अप्पांनी मला दवाखान्यात आणून भरती केलं.

कॉट

ज्यांच्या कागदांवर मी नंबर टाकत होते त्या बायकांमध्ये आता मी होते. पहाटे गिरणीचा भोंगा, मग झाडूवाल्या बाईची बादली, मग चहा, मग इंजेक्शन, मग राउंडची वाट. वॉर्डातला सगळा दिवस राउंडकडे तोंड करून असतो. डॉक्टर येणार म्हणून चादरी ओढायच्या, ते आले की श्वास रोखायचा, आणि ते गेल्यावर त्यांनी काय म्हटलं यावर दुपारपर्यंत बायकांनी खल करायचा. मला तर कागदावरचं इंग्रजी वाचता यायचं, त्यामुळे माझी अवस्था आणखी वाईट. 'प्रकृतीत सुधारणा नाही' हे शब्द मी उलट्या दिशेनंही वाचायला शिकले होते.

माझ्या बाजूच्या कॉटवर नरसम्मा होती, माग चालवणाऱ्या घरातली तेलुगू बाई. तिला माझं नाव शकुंतला जमायचं नाही, ती मला 'शक्कुतल्ली' म्हणायची. क्षयाच्या भीतीनं सगळ्या बायका माझ्यापासून लांब असायच्या, ही मात्र उकाड्याच्या दुपारी पुठ्ठ्यानं मला वारा घालायची. मी म्हटलं, "अगं, मला क्षय आहे. लांब बस." तर म्हणाली, "माझा नवरा त्याच्यानंच गेला. मला हुयाचं तर कवाच झालं असतं की." त्या दिवसांत मला मिळालेलं सगळ्यात मोठं औषध तो पुठ्ठा होता.

तीन पेरं

नव्या डॉक्टरीणबाई आमच्याकडे येऊन महिनाच झाला होता. वयानं माझ्याएवढ्या असतील. एका सकाळी त्या एकट्याच आल्या, स्टूल ओढून बसल्या आणि माझ्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिल्या. मग त्यांनी माझा डावा हात हातात घेतला, व्रणावरून बोट फिरवलं. मग उजवा घेतला.

"ह्या अंगठ्याला पेरं किती आहेत, मोजा बरं."

मी मोजली. तीन. माझा उजवा अंगठा लांबट, बोटासारखा आहे, शाळेत मुली त्यावरून चिडवायच्या.

"माझ्या अंगठ्याला बघा," त्या म्हणाल्या. त्यांच्या अंगठ्याला दोन पेरं होती. मग मी नरसम्माच्या अंगठ्याकडे पाहिलं. दोन. सत्तावीस वर्षं तो अंगठा माझ्या डोळ्यांसमोर होता, त्याच हातानं मी लिहीत होते, शरीराच्या प्रत्येक व्यंगाचा नंबर मला ठाऊक होता, आणि माणसाच्या अंगठ्याला दोनच पेरं असतात हे माझ्या डोक्यात कधी शिरलं नव्हतं.

त्यांनी दोन्ही हातांचे फोटो काढायला लावले. डाव्या मनगटातलं एक बारकं हाडही दिसेना. दुसऱ्या दिवशी राउंडला माझ्या पायथ्याशी त्यांचं आणि मोठ्या डॉक्टरांचं जुंपलं. बोलणं इंग्रजीत होतं, पण मला समजत होतं. बाईंचं म्हणणं असं, की बाळ पोटात असताना हात आणि हृदय एकाच सुमारास घडतात. हात तेव्हाच अपुरा राहिला असेल, तर हृदयातही भोक राहिलेलं असू शकतं. छातीच्या फोटोतली सावली क्षयाची नसून हृदयाची असेल. तसं असेल तर इंजेक्शनं बंद करून हिला ताबडतोब मुंबईला पाठवायला हवं.

मोठे डॉक्टर वाईट माणूस नव्हते. त्यांनी माझा डावा हात उचलला. "हा व्रण दिसतोय ना? यंत्रात गेलेला अंगठा आहे, मनगटातलं हाडही तेव्हाच गेलं असेल. उजव्या अंगठ्याला एक पेर जास्त, एवढ्यावरून हृदयाचं ठरवता येत नाही. जुन्या केसपेपरवरही अपघाताचा नंबर आहे." कागद काढून त्यांनी कोपऱ्यातला तांबडा आकडा दाखवला. माझ्याच हातचा. "क्षय असेल आणि औषध मधेच थांबवलं तर पोरगी हातची जाईल. नुसत्या शंकेवर मी ते करणार नाही. जन्मापासूनचं आहे असं आईनं सांगितलं, तर गोष्ट वेगळी."

मला ओरडून सांगावंसं वाटलं की तो नंबर मी न विचारता टाकलाय, त्याला काही अर्थ नाही. पण एवढं लांब वाक्य एका दमात बोलण्याइतका श्वास माझ्याकडे नव्हता, आणि तोवर राउंड पुढच्या कॉटकडे गेला होता.

आईला विचारलं

त्या दिवशी चारच्या भेटीच्या वेळी डॉक्टरीणबाई मुद्दाम थांबल्या. आई भाकरी आणि शेंगांची चटणी घेऊन आली होती.

"आई, शकुंतलाचा अंगठा जन्मल्यावर होता का?"

"हुता की. दहा म्हैन्याची हुती तवा कडब्याच्या यंत्रात गेला."

"कुणी बाहेर काढला हात?"

"मीच काढला. लई रगत आलं. हळद भरली."

धडा म्हणावा तसं ती भराभर बोलली. बाई आणखी थोडं विचारून गेल्या. मी आईकडे बघत होते. मी लहान असताना हीच आई आत्याला सांगताना म्हणाली होती, की तेव्हा ती विहिरीवर धुणं धूत होती आणि आजीनं पोरीचा हात बाहेर काढला. एकाच पेशंटच्या दोन कागदांवर दोन वेगळ्या हकिकती असल्या की मी काय करायची? दोन्ही कागद समोर ठेवायची आणि विचारायची.

"आई," मी म्हटलं, "जन्मतः की नंतर?"

"काय?"

"माझा अंगठा," मी दम घेत घेत म्हटलं. "पोटातूनच नव्हता का? मला खरं सांग. त्याच्यावर आता सगळं आहे. नंतर गेला असेल तर ही इंजेक्शनं चालू राहणार, आणि ह्या इंजेक्शनांनी मी काही जगत नाही."

तिनं भाकरी फडक्यात बांधली, डबा उचलला, आणि पाच वाजायच्या आत निघून गेली. मागं वळूनही बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. अप्पा आले, म्हणाले, "तिचं डोकं दुखतंय." त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. मला त्या दोन दिवसांइतका राग आयुष्यात कधी आलेला नाही. माझ्या उशाशी प्राणवायूचा सिलिंडर आणून उभा केला होता. उशा रचून मला बसवून ठेवलं होतं, कारण आडवं झालं की गुदमरायचं. आणि माझी जन्मदाती घरात डोकं धरून बसली होती. मी अप्पांना काही सांगितलं नाही. का नाही सांगितलं? तिचं काहीतरी फुटेल आणि ते माझ्या हातून फुटेल, याची भीती वाटली. एवढी आजारी असूनही वाटली.

राउंड

तिसऱ्या दिवशी सकाळी राउंड माझ्या कॉटपाशी आला होता. मोठे डॉक्टर, डॉक्टरीणबाई, सिस्टर, आणि पायथ्याशी अप्पा, थर्मास घेऊन. वॉर्डाच्या दाराशी गडबड झाली. भेटीची वेळ नाही म्हणून दरवान कुणाला तरी अडवत होता. त्याला ढकलून आई आत आली. पदर डोक्यावरून घसरलेला, पायात चप्पल नाही.

ती डॉक्टरांसमोर उभी राहिली, पण बोलली जमिनीकडे बघून.

"सायेब, पोरीला अंगटा न्हवताच. जल्मली तवाच न्हवता."

ती थांबली असती तर पुन्हा बोलू शकली नसती, हे तिलाही माहीत असावं.

"मी पोटुशी हुते तवा गिराण लागलं. सासूबाई म्हनल्या, आत बसून ऱ्हा, कशाला हात लावू नगंस. मला लई भूक लागली. मी कांदा चिरला. त्यांनी बघितलं. म्हनल्या, आता बघू, पोटातलं कसं निघतंय ते. म्हायेरी बाळंत झाले आन् पोरीचा हात बघितला. सासरी कळलं असतं तर मला नांदवलंच नसतं. माझ्या आयनं झबल्याच्या बाह्या म्होरनं शिवून टाकल्या. बारशाला ह्ये आले तवा त्यांना नुसतं तोंड दावलं." तिनं अप्पांकडे हात केला, बघितलं नाही. "दहा म्हैने तसंच काढलं. मग सासरी यायची येळ झाली. यंत्रात गेला म्हनायचं ठरलं, पर हातावर जखमेची खून कुटं हुती? पोट दुखलं की लेकरांना डागत्यात, तसली सळई आमच्या घरात हुती. ती तापवली."

ती आता माझ्याकडे बघत होती.

"आय म्हनली, मी डागते. मी म्हनलं, नगं. लेकरू माझं हाय, मीच डागते. आन् मीच डागलं."

मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढला आणि पुन्हा लावला. मग माझ्या कागदावरची इंजेक्शनची ओळ त्यांनी स्वतःच्या पेनानं खोडली आणि म्हणाले, "सिस्टर, हे आजपासून बंद. बाई, तुम्ही मुंबईची चिठ्ठी लिहा, मी सही करतो."

अप्पांनी थर्मास खाली ठेवला आणि वॉर्डाबाहेर निघून गेले. आई तिथंच फरशीवर बसली. नरसम्मा कॉटवरून उतरली आणि तिच्याजवळ जाऊन बसली. मी काय केलं? मी डोळे मिटून घेतले. सुटका झाली म्हणून बरं वाटत होतं, आणि दहा महिन्यांच्या पोरीच्या हातावर तापलेली सळई मला दिसत होती. दोन्ही एकाच वेळी.

मुंबई

मुंबईत तपासणी झाली. हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक होतं. क्षय नव्हता, कधीच झाला नव्हता. आणखी काही महिने तसेच गेले असते तर शस्त्रक्रियेचाही उपयोग झाला नसता, असं तिथल्या सर्जननी अप्पांना सांगितलं.

माझ्याबरोबर अप्पा एकटेच आले होते. आईला त्यांनी घरीच ठेवलं, आणि त्या दिवसापासून ते तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. संमतीच्या कागदावर त्यांनी सही केली. हृदय थांबवणार, रक्त यंत्रातून फिरवणार, भोक शिवणार, पुन्हा हृदय चालू करणार. चालू नाही झालं तर, हे कुणी बोललं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी अप्पा माझ्या कॉटपाशी बसले होते. मी म्हटलं, "अप्पा, आईवर रागावून बसू नका. मी उद्या असेन की नाही..."

"गप," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिच्यावर न्हाय रागावलो. मी हिशोब करून बघितला. तिनं तवा मला खरं सांगितलं असतं, तर मी काय केलं असतं?"

"काय केलं असतं?"

"आईचं ऐकलं असतं. घालवून दिली असती तिला. तुलाबी." त्यांनी धोतराच्या सोग्यानं नाक पुसलं. "तिला ते ठाव हुतं. मला आत्ता कळलं. त्याचा राग येतोय."

शुद्धीवर आले तेव्हा छातीत आग होती, घशात नळी होती आणि काचेपलीकडे अप्पांची टोपी दिसत होती. पहिली गोष्ट माझ्या ध्यानात आली ती ही, की श्वास आपोआप आत जातो आहे. मला ओढावा लागत नाही. जे लोक रोज असाच श्वास घेतात त्यांना त्यात काही विशेष वाटत नसेल, आणि त्यांना वाटूही नये.

पुन्हा टेबलावर

चार महिन्यांनी मी कामावर रुजू झाले. रझाकभाईंनी माझा केसपेपर बाजूला काढून ठेवला होता. "तुमचा कागद हाय, नंबर तुमीच टाका. माझं चुकलं तर उगं मला सोडणार न्हाई तुमी." डॉक्टरीणबाईंनी या वेळी सगळं स्पष्ट लिहिलं होतं: हृदयातलं भोक, जन्मजात. डावा अंगठा नाही, जन्मजात. उजवा तीन पेरांचा, जन्मजात. मी तीन नंबर काढले, लाल शाईनं लिहिले, आणि आदल्या वर्षीच्या कागदावरचा नंबर मोठ्या डॉक्टरांना विचारून खोडला. खोडताना तारीख घातली आणि सही केली.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी हातापायाचं असं काही घेऊन जन्मलेलं मूल असेल, तर त्यांना मला एवढंच सांगायचं आहे. शेजाऱ्यापाजाऱ्यांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. डॉक्टरला खरं सांगा, आणि मूल मोठं झाल्यावर त्यालाही सांगा. त्याचं हृदय एकदा तपासून घ्या. आणि दवाखान्यात कुणी कारकून चिवटपणे विचारत असेल, 'जन्मतः की नंतर?', तर तिच्यावर वैतागू नका.

अप्पा आईशी हळूहळू बोलायला लागले, आधी मीठ-पाणी एवढंच, मग थोडं जास्त. आई आणि मी मात्र त्या विषयावर बोललो नव्हतो. माझा तिच्यावर जीव होता, आणि माझा राग गेलेला नव्हता, असं दोन्ही होतं. एक दिवस मी डबा विसरले म्हणून ती दुपारी रेकॉर्ड रूममध्ये आली. तिनं माझं टेबल पहिल्यांदाच पाहिलं. डबा ठेवला, पण निघेना. त्या जाड पुस्तकाकडे बघत राहिली.

"सगळे आजार ह्याच्यात हायती?"

"सगळे."

"कशानं झाले, त्येबी?"

"जिथं ठाऊक आहे तिथं तेही."

ती खुर्चीच्या कडेवर टेकली. "मग बघ की त्यात. गिराणात चिरल्यानं असं हुतं, म्हनून लिवलंय का?"

मला ठाऊक होतं, तसं काही नाही. सात वर्षं मी ते पुस्तक वापरत होते. पण तिच्यासाठी मी ते उघडलं. शेवटची सूची काढली, ग्रहणाला इंग्रजीत जो शब्द आहे त्याच्या अक्षरापाशी गेले, बोट खाली आणलं. मग जन्मजात व्यंगांचं प्रकरण काढलं आणि हातांची सगळी पानं एकेक ओळ तिला मराठीत सांगत वाचली. तिला अक्षर येत नव्हतं, तरी माझ्या बोटाबरोबर तिची नजर फिरत होती.

"नाही, आई. कुठंच नाही. कांद्यानं काही झालं नव्हतं. तुझ्या हातून काहीच झालं नव्हतं."

"नीट बघितलंस?"

"नीट बघितलं."

तिनं माझा डावा हात ओढून मांडीवर घेतला. व्रणाला हात लावला नाही, त्याच्या बाजूला बोट टेकवलं.

"मग उगंच डागलं की गं तुला."

तिला बरं वाटेल असं काहीतरी बोलायला हवं होतं. असू दे, तुझा नाइलाज होता, असं म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण एका खोट्यापायी आमच्या घरानं सत्तावीस वर्षं काढली होती, आणि ती जे विचारत होती त्याचं उत्तर ते नव्हतं.

"व्हय आई," मी म्हटलं. "उगाच डागलंस."

ती रडली, आणि मीही रडले. रझाकभाई गठ्ठा घेऊन आत आले, आम्हाला पाहिलं आणि बाहेरून दार ओढून घेऊन गेले.